न आलेल्या माणसाचे आकडे

माझ्या धंद्याबद्दल लोकांच्या दोन समजुती असतात. एक तर मला सगळ्यांचं भविष्य ठाऊक आहे, किंवा मग मी बसल्या जागी आकडे शिजवते. पहिल्या समजुतीचे लोक मला जिन्यात गाठून गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यावं की नाही ते विचारतात, दुसऱ्या समजुतीचे लोक नुसते हसतात, आणि माझा धाकटा भाऊ सोयीप्रमाणे दोन्ही पंथांत असतो. खरं म्हणजे मी एका मोठ्या रुग्णालयाच्या संशोधन विभागात संख्याशास्त्राचं काम करते. डॉक्टर मंडळी माणसं मोजतात, मी ते आकडे सॉफ्टवेअरमध्ये घालते, आणि त्यांतून जेवढं म्हणता येईल तेवढंच म्हणते. एक अक्षर जास्त म्हणायचं नाही, एवढीच या धंद्यातली सचोटी आहे.

आमची खोली क्ष-किरण विभागाच्या मागे आहे. खिडकीतून धोबीखान्याची गच्ची दिसते आणि तिथे वाळत घातलेल्या चादरींवरून बाहेर वारा किती आहे ते मला जागच्या जागी कळतं. खोलीत माझ्याशिवाय एकच माणूस बसतो. आलेली माहिती तपासणारे हे गृहस्थ माझ्यापेक्षा वयाने मोठे आहेत आणि सगळा विभाग त्यांना ‘गाळणी’ म्हणतो, कारण घाईगडबडीत कुणी एखाद्या आजोबांचं वजन सातशे किलो लिहिलं किंवा एखाद्या आजीबाईंना परस्पर पुरुष करून टाकलं, तर ते यांच्या जाळीत हमखास अडकतं. हे नाव त्यांना इतकं आवडलं आहे की चहाच्या कपावरही त्यांनी ते छापून घेतलं आहे. दिवसभर ते स्वतःशी पुटपुटत असतात आणि मला ‘बाई’ म्हणतात.

त्या वर्षी आमच्याकडे म्हातारपणच्या विस्मरणावरचा एक लांबलेला अभ्यास संपत आला होता. साठी ओलांडलेली चारशेच्या वर माणसं दर सहा महिन्यांनी येत. त्यांतल्या निम्म्यांना एक गोळी मिळे आणि निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. प्रत्येक फेरीला वजन, रक्तदाब, नाडी आणि मुठीची ताकद मोजायची आणि मग तीस गुणांची एक सोपी वाटणारी चाचणी घ्यायची. आज वार कोणता, आत्ता आपण कुठे बसलो आहोत, तुमच्या घरचा पत्ता सांगा, शंभरातून सात वजा करत जा. सोपी वाटते ती आपल्याला. समोर बसलेल्या माणसाच्या कपाळावर घाम येताना मी पाहिलेला आहे.

तो मी पाहिला, कारण त्या चारशेंत माझे बाबा होते. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. कुठल्या रस्त्याखालून किती इंची नळ जातो ते त्यांना कागदाशिवाय सांगता यायचं. निवृत्तीनंतर हळूहळू ते सगळं त्यांच्या डोक्यातून गळू लागलं, तेव्हा आईनेच त्यांचं नाव अभ्यासात दिलं आणि दर फेरीला त्यांना घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं. ते तीन फेऱ्यांना आले. तिसऱ्या फेरीला त्यांना घरचा पत्ता सांगता आला नाही. ते ओशाळून हसले, माझ्याकडे बोट दाखवून परिचारिकेला म्हणाले, “पत्ता कशाला हवा? ही आहे ना माझ्याबरोबर.” तिने सहानुभूतीने मान हलवली आणि शून्य लिहिलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी एका सकाळी ते वर्तमानपत्र आणायला म्हणून खाली उतरले आणि परत आले नाहीत. पोलीस झाले, रुग्णालयं झाली, खांबांवर फोटो चिकटवून झाले. कुणी म्हणालं नदीकडे दिसले, कुणी म्हणालं बसमध्ये. दोन वर्षं गेली. आमच्या अभ्यासात अशा माणसापुढे ‘संपर्क तुटला’ असं लिहितात आणि पुढच्या सगळ्या चौकटी रिकाम्या सोडतात. घरात चौकटी नसतात, त्यामुळे घरी काय करायचं ते आम्हाला कुणालाच कळलं नाही. आई तेवढी रोज संध्याकाळी मी आत पाऊल टाकलं की विचारायची, “काही कळलं?” मी नाही म्हणायचे, आणि मग आम्ही जेवायला बसायचो.

आता आमची इमारत पाडायची ठरली होती. बाकीचे भाडेकरू एकेक करत गेले होते, जिन्यातले दिवेही काढून नेले होते, आणि दुसऱ्या मजल्यावर आमचं एकच बिऱ्हाड राहिलं होतं. भावाने पुलाच्या अलीकडे तिघांना पुरेल अशी चांगली जागा पाहून ठेवली होती. पण आई काही केल्या हलेना.

“मी इथून गेले आणि हे आले तर?” ती म्हणायची. “दुसरा पत्ता ह्यांना ठाऊक नाही.”

“आई, त्यांना हासुद्धा पत्ता ठाऊक नव्हता,” भाऊ एकदा वैतागून बोलून गेला. आईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग तो माझ्याकडे वळला. बाहेर गॅलरीत येऊन हळू आवाजात म्हणाला, “ताई, तू आकडेवाली. तुझं ऐकेल ती. सांग ना तिला, की आता शक्यता नाही. महिनाअखेरीला यंत्रं येणार आहेत, भिंतीसकट उचलायची का तिला?”

मी त्याला झापलं, पण तो चुकीचं बोलत नव्हता. आई त्या पडक्या जिन्याच्या तोंडाशी एकटी बसून राहिली असती आणि माझ्याजवळ तिला सांगायला खरं असं काही नव्हतं. खोटं मला सांगता येत नाही. सांगितलं तरी तिला ते पहिल्या वाक्यात कळतं. मला तिला त्या घरातून बाहेर काढायचं होतं, एवढंच.

त्याच आठवड्यात मी अभ्यासाचा अखेरचा हिशेब मांडायला घेतला. असल्या अभ्यासात माणसं गळतातच. कुणी मुलाकडे राहायला जातं, कुणी कंटाळतं, कुणी वारतं. त्यांच्या रिकाम्या चौकटी तशाच ठेवल्या तर उत्तर एका बाजूला झुकतं, म्हणून सॉफ्टवेअरकडून त्या भरून घेण्याची एक मान्य रीत आहे. न आलेला माणूस आला असता तर त्याचे आकडे काय दिसले असते, याचा अंदाज ते त्याच्या आधीच्या आकड्यांवरून आणि त्याच्यासारख्या इतरांवरून बांधतं. मात्र एकदाच अंदाज बांधून गप्प बसायचं नाही. एकदाच भरलेला आकडा ही बढाई झाली. म्हणून आम्ही सगळा तक्ता वीस वेळा भरतो, वीस वेगवेगळ्या प्रती करतो, आणि प्रत्येक प्रतीत त्या माणसाचा आकडा थोडा थोडा वेगळा येतो. एकीत वजन साठ, दुसरीत त्रेसष्ट, तिसरीत अठ्ठावन्न. प्रतींमधला हा फरक म्हणजे आमचं अज्ञान; ते आम्ही लपवत नाही, मोजून दाखवतो. मला माझ्या धंद्यातली ही गोष्ट फार आवडते.

प्रती तयार झाल्या आणि मी त्या वरवर चाळू लागले. नावं तक्त्यात नसतात, नुसते क्रमांक असतात, पण बाबांचा क्रमांक मला पाठ होता. त्यांच्या ओळीवर मी थांबणार नाही असं ठरवलं होतं आणि अर्थातच थांबले. चौथ्या फेरीचं वजन पाहिलं. दुसऱ्या प्रतीत पाहिलं, तेच होतं. तिसरीत तेच. विसाव्या प्रतीपर्यंत तेच, दशांशचिन्हापुढच्या शेवटच्या अंकापर्यंत. रक्तदाब, नाडी, मूठ, चाचणीचे गुण, सगळं विसाच्या वीस प्रतींत एकच. बाकीच्या न आलेल्या माणसांचे आकडे मी तपासले. ते नेहमीसारखे इकडेतिकडे हलत होते.

असं होतं कधीकधी. आपणच कुठेतरी कारण नसताना आकडा बांधून टाकलेला असतो. मी सॉफ्टवेअरला दिलेल्या माझ्या सगळ्या आज्ञा वरून खाली वाचल्या, काही सापडलं नाही, तेव्हा गाळणींना बोलावलं.

“एकच ओळ चिकटली असेल,” ते चष्मा कपाळावर चढवत म्हणाले. “बीज बदलून बघा.”

बीज म्हणजे ज्या आकड्यापासून सॉफ्टवेअर आपले फासे टाकायला सुरुवात करतं तो आकडा. तो बदलला की सगळे अंदाज नव्याने पडतात. मी बदलला. गाळणींनी त्यांच्या मुलीची जन्मतारीख सुचवली, तीही टाकून पाहिली. इतरांचे आकडे दरवेळी नवे पडले. बाबांचे जागचे हलले नाहीत.

“वीस साक्षीदार शब्दाला शब्द एकच सांगायला लागले,” गाळणी म्हणाले, “तर वकील काय ओळखतो, बाई?”

“पढवलेले आहेत म्हणून.”

“नाहीतर मग सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं,” ते म्हणाले, आणि आपल्या जागी जाऊन बसले. त्या दुपारी ते पुन्हा पुटपुटले नाहीत.

घरी गेले तेव्हा आई खिडकीशी बसून कपड्यांच्या घड्या करत होती. आम्ही जेवलो, भांडी झाली, आणि अंथरुणावर पडल्यावर माझ्या लक्षात आलं की आज तिने काही कळलं का म्हणून विचारलं नव्हतं. विसरली असेल म्हटलं. पण दुसऱ्या दिवशीही तिने विचारलं नाही, आणि तिसऱ्याही. दोन वर्षं मला त्या प्रश्नाचा जाच वाटायचा. आता तो येत नाही म्हणून मी दारात चपला काढताना उगाच रेंगाळू लागले.

आकडे चिकटलेले का आहेत ते मला कळत नव्हतं, म्हणून मी ते काय आहेत ते नीट पाहायला घेतलं. तोवर मी मुद्दाम टाळलं होतं. बाबांच्या चाचणीचे गुण पहिल्या तीन फेऱ्यांत भराभर उतरले होते, ते मी स्वतः बाजूला बसून पाहिलं होतं. रिकाम्या फेऱ्या भरल्यावर ते आणखी उतरायला हवे होते, कारण अभ्यासातल्या बहुतेक सगळ्यांचे उतरत होते, गोळी घेणाऱ्यांचे जरा हळू एवढंच. बाबांचे मात्र चौथ्या फेरीपासून चढत होते. पाचव्या फेरीला त्यांना वार सांगता येत होता. सहाव्या फेरीला ते शंभरातून सात वजा करत शेवटपर्यंत गेले होते. सॉफ्टवेअर स्वतःच्या पदरचं काही घालत नाही. जे तक्त्यात आहे त्यावरूनच ते बोलतं, आणि असं चढत जाणारं एकही माणूस तक्त्यात नव्हतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असा माझ्या सगळ्या शिक्षणाचा पाया आहे. तो मला त्या दुपारी हललेला जाणवला.

खरं सांगते, मला आधी आनंद झाला. खुळ्यासारखा आनंद झाला. कुठेतरी ते आहेत, बरे होत आहेत, कुणीतरी त्यांना जेवायला घालतं आहे, असं क्षणभर वाटलं आणि डोळे भरून आले. मी तोंड धुवून आले आणि मग नाडीचा रकाना पाहिला.

नाडी, रक्तदाब यांच्यासाठी आम्ही मर्यादा घालून देतो. नाहीतर सॉफ्टवेअर अंदाज बांधता बांधता वाहवत जातं आणि जिवंत माणसाला अशक्य असा आकडा लिहून मोकळं होतं. नाडी चाळिसाच्या खाली जायची नाही अशी मर्यादा मीच घातली होती, दरवेळी घालते, हात आपोआप ती ओळ लिहितो. चारशे माणसांत कुणाचाही आकडा त्या मर्यादेच्या आसपास नव्हता. बाबांची नाडी मात्र चौथ्या फेरीपासून नेमकी चाळिसावर होती. चौथीला चाळीस, पाचवीला चाळीस, सहावीला चाळीस. वीस प्रतींत.

“ही टेकलेली आहे,” गाळणी माझ्या खांद्यामागून म्हणाले. ते केव्हा उठून आले ते मला कळलं नव्हतं. “आकड्याला आणखी खाली जायचंय आणि तुमची मर्यादा त्याला जाऊ देत नाहीये. काढून बघा.”

“नको.”

“अहो, बघायला काय जातंय?”

“तुमच्या घरचं माणूस नाही ते,” मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. गाळणींना तो क्रमांक कुणाचा ते तोवर ठाऊक नव्हतं. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्यासाठी चहा सांगायला गेले.

आमच्या विभागप्रमुख डॉक्टरीणबाईंना, म्हणजे ज्यांना सगळे मॅडम म्हणतात त्यांना, मी दुसऱ्या दिवशी एका ओळीची अडचण आहे म्हणून सांगितलं. त्या घाईत होत्या. “काढून टाका ती ओळ,” त्या म्हणाल्या. “चारशेंतला एक गेला तर उत्तरात काय फरक पडणारे?” बोलून झाल्यावर त्यांना आठवलं. बाबांना अभ्यासात घेताना सही त्यांनीच केली होती. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. “तुमच्याच हाताने काढायला हवी असं नाही. गाळणी काढतील.”

मी म्हटलं, मी काढते.

त्या संध्याकाळी आई फार खुशीत होती. अर्धी कपाटं रिकामी झाली होती. भाऊ बघून थक्क झाला, पण तिचं मन बदलेल या भीतीने त्याने चकार शब्द काढला नाही. भाजी निवडता निवडता ती एकदम हसायला लागली. लग्नाच्या दिवशी बाबांच्या बुटात खडा होता म्हणे. दिवसभर माणसांना हसून भेटत होते, फोटोला उभे राहत होते, आणि पाय रक्ताळलेला. कुणाला दाखवलं नाही, नवा जोडा उधार आणला आहे हे कळेल म्हणून. “चाळीस वर्षं मला पत्ता लागू दिला नाही माणसाने,” आई डोळे पुसत म्हणाली.

“मग आता तुला कुणी सांगितलं?” मी विचारलं.

आईने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू प्रश्न विचारून मीच काहीतरी पोरकटपणा केला आहे. मग दूध उतू जाईल म्हणून ती उठली. भावाने माझ्याकडे पाहून खांदे उडवले. दूध अजून तापायलाही ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन आधी दुसरी सगळी कामं उरकली. धोबीखान्याच्या गच्चीवर त्या दिवशी सगळ्या चादरी स्तब्ध लोंबत होत्या. गाळणी माझ्या अगदी जवळ येऊन बसले होते, काही काम नसताना. मी ती मर्यादेची ओळ पुसली आणि सॉफ्टवेअर चालवलं. त्याला नेहमी लागतो तेवढा वेळ लागला.

चौथ्या फेरीला बाबांची नाडी शून्य होती. पाचवीला शून्य, सहावीला शून्य. असल्या अंदाजात पूर्ण शून्य कधी येत नाही. काहीतरी खालीवर, काहीतरी अपूर्णांक असतोच. इथे वीसही प्रतींत स्वच्छ शून्य होतं. आणि त्याच ओळीत, जरा पुढे, शेवटच्या फेरीचे चाचणीचे गुण तीसपैकी तीस होते. मी एकेक प्रश्न उघडून पाहिला. आजची तारीख, बरोबर. घरचा पत्ता, बरोबर. आत्ता आपण कुठे बसलो आहोत, बरोबर. बाबा कुठे आहेत ते बाबांना ठाऊक होतं. आम्हालाच तेवढं ठाऊक नव्हतं.

मी घाबरले. आयुष्यात आकड्यांना मी पहिल्यांदाच घाबरले आणि ते लपवण्याइतकंही भान मला राहिलं नाही. गाळणींनीच माझ्या हातातून माऊस काढून घेतला, ती ओळ निवडली आणि काढून टाकली. मग शहानिशा म्हणून तक्त्याच्या तळाशी येणारी माणसांची एकूण संख्या पाहिली. ती एकाने कमी व्हायला हवी होती. ती होती तेवढीच होती.

“मी काल संध्याकाळीही काढली होती,” गाळणी हळूच म्हणाले. “तुम्हाला त्रास नको म्हणून.”

थोड्या वेळाने त्यांनी त्यांचा कप उचलला, पाहिलं तर तो रिकामा होता, आणि तरी ते त्यातून प्याले.

घरी येताना माझा निश्चय झाला होता. आईला सांगून टाकायचं. बाबा गेले, आता ते येणार नाहीत, चल आपण इथून. कुठून कळलं म्हणाली तर आकड्यांवरून कळलं म्हणायचं. एवढी वर्षं मी जे कधी बोलले नाही ते एकदा बोलायचं. जिने चढताना मी ती वाक्यं मनात जुळवत होते. दार उघडंच होतं. आई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसली होती, साडी बदललेली, पिशवी पायाशी, आणि समोर भाऊ सगळ्या खोक्यांना दोरी बांधत गालातल्या गालात हसत होता.

“आई तयार झाली,” तो म्हणाला. “आपण होऊन म्हणाली, आजच जाऊ. गाडी खाली आहे, सामान उद्या नेऊ.”

मी आईजवळ खाली बसले. “आई, मला तुला काही सांगायचंय. बाबांबद्दल.”

“ठाऊक आहे गं मला,” ती म्हणाली आणि माझ्या केसांवरून हात फिरवला. “तू कशाला जिवाला लावून घेतेस? चल, उशीर नको.”

तिच्या आवाजात दुःख नव्हतं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि मला वाटलं, बरं झालं, बाबा गेले हे आईने आपलं आपण मानलं. दोन वर्षं उरावर असलेला धोंडा उतरल्यासारखं झालं आणि मला तिथेच रडू आलं. आईने मला रडू दिलं. मग तिने कुलूप न लावता दार नुसतं ओढून घेतलं, आणि आम्ही खाली उतरलो. ती जिना फार सावकाश उतरली, भिंतीची बाजू सोडून, प्रत्येक वळणावर थांबत. तिचे गुडघे दुखतात, म्हणून मीही थांबत होते.

गाडी मी चालवणार होते. भाऊ माझ्या शेजारची जागा आईसाठी मोकळी करू लागला, पुढे बसायला तिला आवडतं.

“नको, मी मागे बसते,” आई म्हणाली. भाऊ पुढे बसला. आई मागच्या दाराने आत शिरली आणि सरकत सरकत पलीकडच्या दाराला जाऊन टेकली. अलीकडचं दार तिने थोडा वेळ तसंच उघडं ठेवायला सांगितलं. “हं, लाव आता,” ती म्हणाली, तेव्हा भावाने उतरून ते लावलं. त्याला ते विचित्र वाटलं नाही. तिने ऐकलं याच आनंदात तो होता.

ऊन अजून रस्त्यावर होतं. शाळा सुटल्याची गर्दी होती, सिग्नलला थांबावं लागत होतं. मागे आई हलक्या आवाजात काही बोलत होती. आधी मला वाटलं, जप करते आहे. मग शब्द कळले. पुलाच्या अलीकडे, औषधांच्या दुकानाच्या वर, तिसरा मजला, डावीकडचं दार. एवढं म्हणून ती थांबायची. तेवढंच म्हणायला कुणाला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ थांबायची. मग पुन्हा पहिल्यापासून. भाऊ हसून माझ्याकडे झुकला. “नवा पत्ता पाठ करतेय,” तो कुजबुजला. “जमेल तिला.”

मी आरशात पाहिलं नाही. पुढच्या गाडीच्या दिव्यांवर नजर ठेवून मी दोन्ही हातांनी चाक धरून बसले होते. पुन्हा एकदा पत्ता झाला, पुन्हा ती थांबली, आणि या वेळी आई मधेच मऊपणे म्हणाली, “अहो, दुसरा नाही. तिसरा.”

पूल येईपर्यंत तिने आणखी कितीतरी वेळा पत्ता म्हटला आणि दरवेळी थांबली. परत दुरुस्त करावं लागलं नाही.